पहिले ५१२ बाइट : लिनक्स कर्नल, फर्मवेअर आणि मधला मध्यस्थ

१/
लिनक्स कर्नलच्या फाइलीतील पहिले ५१२ बाइट ही जागा इतकी लहान की हा परिच्छेदही तिच्यात मावणार नाही. तरीही तीस वर्षांत या जागेत तीन रहिवासी येऊन गेले. पहिला कर्नलला स्वतःच्या बळावर उभा करी. दुसरा दारात आलेल्याला परत पाठवी. तिसरा फर्मवेअरला कर्नलची ओळख पटवून देतो. संगणकाचे बटण दाबल्यावर पहिला शब्द कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास या एवढ्याशा जागेत वाचता येतो. थ्रेड.

२/
प्रश्न मुळातच विचित्र आहे. वीज येते तेव्हा संगणकाची स्मृती रिकामी असते. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर असते. डिस्क वाचायला प्रोग्रॅम लागतो आणि तो प्रोग्रॅमही डिस्कवरच असतो. स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या यंत्रावर सुरुवातीच्या सूचना दर्शनी पट्टीवरील खटके वरखाली करून हाताने भराव्या लागत. एक खटका चुकला की पहिल्यापासून सुरुवात.

३/
हा त्रास टाळण्यासाठी सुरुवातीचा प्रोग्रॅम यंत्रातील कायमस्वरूपी चिपमध्ये कोरून ठेवण्याची पद्धत रुळली. हेच फर्मवेअर. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. त्यातील फर्मवेअरचे नाव बायोस. बायोसला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, फाइल सिस्टिमही ठाऊक नव्हती. डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचलायचा, स्मृतीत ७सी०० या पत्त्यावर ठेवायचा आणि त्याच्या हाती सूत्रे सोपवायची, एवढेच त्याचे काम. पुढे काय होते याची जबाबदारी त्याची नव्हती.

४/
१९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि त्या ५१२ बाइटांतही वाटे पडले. ४४६ बाइट प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट खुणेला. पुढची जवळजवळ तीस वर्षे जगातील बहुतेक पीसी या ४४६ बाइटांच्या अरुंद फटीतून जागे होत राहिले.

५/
१९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला. २५ ऑगस्ट रोजी त्याने आपल्या छंदातून घडत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची वार्ता मिनिक्स वापरणाऱ्यांना दिली. सप्टेंबरमध्ये ०.०१ ही आवृत्ती बाहेर आली. तिच्यात बूटलोडर म्हणून वेगळे काही नव्हते. कर्नलचे पहिले ५१२ बाइट हाच त्याचा बूट सेक्टर होता.

६/
त्याची रीत अशी. तयार झालेली कर्नलची फाइल कोऱ्या फ्लॉपीवर पहिल्या बाइटापासून जशीच्या तशी उतरवायची. फ्लॉपीवर ना फाइल सिस्टिम, ना फाइलीचे नाव. बायोस पहिला सेक्टर उचलून ७सी०० वर ठेवी. तो सेक्टर आधी स्वतःला ९०००० या पत्त्यावर हलवून वाट मोकळी करी, मग बायोसच्याच साहाय्याने उरलेला कर्नल वाचून घेई आणि प्रोसेसरला ३२ बिटांच्या संरक्षित अवस्थेत नेऊन कर्नल सुरू करी. म्हणजे फर्मवेअरने थेट कर्नल उठवणे हे अलीकडचे नवल नव्हे. लिनक्सचा जन्मच तसा झाला.

७/
अडचण दुसरीकडे होती. कर्नल उठला, पण त्याने आपली मूळ फाइल सिस्टिम कोणत्या डिस्कवर शोधायची? सांगायला मधे कोणीच नव्हते. म्हणून उत्तर कर्नलच्या फाइलीतच कोरले जाई. ५०८ आणि ५०९ क्रमांकाच्या बाइटांत मूळ डिस्कचा क्रमांक असे आणि तो बदलण्यासाठी ‘आरडेव्ह’ नावाचे छोटे साधन होते. डिस्क बदलली की फाइलीतील दोन बाइट बदलायचे. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण वीस वर्षांनी तोच प्रश्न नव्या रूपात परत आला.

८/
दर वेळी फ्लॉपी घालणे कोणाला रुचणार? त्यात पुष्कळांच्या यंत्रावर डॉसही असे. म्हणून मध्यस्थ आले. डॉसमधून लिनक्स सुरू करणारा लोडलिन, फ्लॉपीसाठी एच. पीटर आन्विन यांचा सिसलिनक्स आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो. १९९० च्या दशकात लिनक्स वापरणे म्हणजे लिलोशी जमवून घेणे असे.

९/
लिलोलाही फाइल सिस्टिम कळत नसे. कर्नल डिस्कच्या नेमक्या कोणत्या तुकड्यांत आहे याचा नकाशा तो आधीच टिपून ठेवी. त्यामुळे नवा कर्नल बसवल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालवणे भाग असे. ती विसरली तर नकाशा जुना आणि कर्नल नवा, आणि यंत्र पडद्यावरच थबके. त्याच्या नावाची चार अक्षरे एकेक टप्पा पार पडल्यावर एकेक उमटत. दोनच अक्षरे उमटून थांबलेला काळा पडदा पाहिला की जुन्या जाणकारांना दुखणे कोठे आहे ते उमगे.

१०/
१९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी ग्रब लिहिला, तो मुळात ग्नू हर्ड उठवण्यासाठी. ग्रबचे वेगळेपण असे की त्याला फाइल सिस्टिम वाचता येत होती. नकाशा नको, फाइलीचे नाव सांगितले की पुरे. कर्नल बदलला तरी ग्रबची अडवणूक नाही, आणि चूक झाली तर तेथेच आज्ञा टाइप करून वाट काढता येई. १९९९ मध्ये तो ग्नूचा अधिकृत प्रकल्प झाला, २००२ पासून त्याचे नव्याने लेखन सुरू झाले आणि पुढे बहुतेक वितरणांनी तोच स्वीकारला.

११/
या सोयीची किंमत हळूहळू दिसू लागली. कर्नल ज्या ज्या प्रकारे डिस्कवर ठेवता येतो ते सारे प्रकार बूटलोडरलाही वाचता यायला हवेत. म्हणून त्याच्यात अनेक फाइल सिस्टिमी आल्या, कूटबद्ध डिस्क उलगडण्याची सोय आली, अक्षरवळणे, चित्रे आणि स्वतःची आज्ञाभाषाही आली. जे काम कर्नल काही क्षणांनी अधिक चांगले करणारच होता, तेच काम आधी दुसऱ्याने कच्चेपणाने करायचे. मध्यस्थच एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम झाला.

१२/
या दुहेरी खटाटोपाविरुद्ध पहिले ठळक पाऊल लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत पडले. तेथे रॉन मिनिक अनेक पीसी जोडून समूहयंत्रे उभारीत होते. शेकडो यंत्रांपैकी एखादे बायोसच्या कुरबुरीने अडले की कीबोर्ड व पडदा घेऊन त्याच्यापाशी जावे लागे. शिवाय बायोसने केलेली जुळवाजुळव लिनक्स पुन्हा स्वतः करीतच असे. १९९९ च्या हिवाळ्यात मिनिक यांनी लिनक्सबायोस प्रकल्प सुरू केला. त्यात बायोस काढून कर्नलच चिपमध्ये बसवायचा होता. पण चिपमधील जागा तुटपुंजी आणि कर्नल वाढता. २००८ मध्ये या प्रकल्पाचे नाव कोअरबूट झाले आणि चिपमध्ये कर्नलऐवजी लहान प्रोग्रॅम ठेवण्याची रीत अधिक रुळली.

१३/
इकडे कर्नलच्या पहिल्या ५१२ बाइटांतील मूळ रहिवाशाचे दिवस भरत आले होते. फ्लॉपी अडगळीत जात होती आणि कर्नल तिच्यात मावेनासा झाला होता. डिसेंबर २००३ मध्ये २.६ ही आवृत्ती आली तेव्हा तो बूट सेक्टर नाहीसा झाला होता. त्याच्या जागी एक संदेश बसला. फ्लॉपीवरून थेट उठवणे आता बंद, कृपया बूटलोडर वापरावा, असा त्याचा आशय. लिनक्सने आपले पहिले दार स्वतःच लावून घेतले.

१४/
दुसरे दार मात्र त्याआधीच दुसऱ्याच घरात उघडू लागले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास इंटेल व एचपी इटेनियम हा ६४ बिटांचा प्रोसेसर घडवीत होते. १६ बिटांच्या जुन्या अवस्थेत जखडलेला बायोस तेथे निरुपयोगी होता. इंटेलने १९९८ च्या सुमारास ज्या नव्या फर्मवेअरची आखणी केली ते पुढे ईएफआय म्हणून ओळखले गेले. २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या मंचाकडे त्याची धुरा गेली आणि नाव झाले यूईएफआय. २००६ मध्ये ॲपलच्या इंटेल मॅकमधून ते सामान्य ग्राहकांच्या घरात पोहोचले.

१५/
फरक मूलभूत होता. बायोस डिस्कचा पहिला तुकडा डोळे झाकून उचली. यूईएफआय पार्टिशन ओळखते, फॅट फाइल सिस्टिम वाचते आणि तिच्यातील फाइल नावाने शोधून चालवते. ही फाइल पीई या साच्याची असावी लागते. हा साचा मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी वापरात आणला. त्याचे पहिले दोन बाइट म्हणजे ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरे. डॉसच्या चालवण्याजोग्या फाइलींचा साचा घडवणारे मार्क झ्बिकोव्हस्की यांची ती आद्याक्षरे.

१६/
फर्मवेअरला फाइल कळू लागल्यावर प्रश्न अटळ होता. मग बूटलोडर हवा कशाला? कर्नलनेच पीई फाइलीचा वेश घेतला तर? इंटेलमधील मॅट फ्लेमिंग यांनी हेच केले. मार्च २०१२ मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीत ‘ईएफआय स्टब’ ही सोय दाखल झाली. कर्नलच्या फाइलीच्या आरंभी ‘एमझेड’ आणि पीईचे शीर्षक बसले. म्हणजे जेथे पूर्वी फ्लॉपीचा बूट सेक्टर होता नेमके तेथेच. नकाराचा संदेशही काही काळ त्याच जागेत दाटीवाटीने नांदत राहिला. बायोसने पाहिले तर नकार, यूईएफआयने पाहिले तर स्वागत.

१७/
थेट आरंभ प्रत्यक्षात असा घडतो. मदरबोर्डवरील स्थायी स्मृतीत आरंभनोंदी असतात आणि त्यांचा क्रमही. एका नोंदीत पार्टिशनची ओळख, फाइलीचा मार्ग आणि सोबत द्यायची आज्ञा-ओळ असते. फर्मवेअर त्या मार्गावरील कर्नल स्मृतीत आणते आणि त्याच्या प्रवेशबिंदूला हाक देते. कर्नलच्या पुढ्यातला स्टब फर्मवेअरकडून स्मृतीचा नकाशा घेतो, आरंभीची तात्पुरती फाइल सिस्टिम वाचून घेतो, फर्मवेअरच्या सेवा संपल्याचे कळवतो आणि खऱ्या कर्नलात उडी घेतो. मधे तिसरा कोणी नाही.

१८/
यंत्र तसे लावण्याची पायरीही फार नाही. ईएफआय पार्टिशनमध्ये कर्नल ठेवायचा आणि ‘ईएफआयबूटएमजीआर’ या साधनाने नवी नोंद करायची. डिस्क, पार्टिशन, नाव, मार्ग आणि आज्ञा-ओळ. मार्गातील तिरप्या रेषा मात्र लिनक्सच्या वळणाच्या नव्हे, डॉसच्या उलट्या वळणाच्या. पहिल्यांदा करणारे अनेकजण येथेच अडखळतात.

१९/
आणि येथे १९९१ चा प्रश्न परत येतो. मूळ फाइल सिस्टिम कोठे आहे हे कर्नलला कोण सांगणार? उत्तर नोंदीतील आज्ञा-ओळीत असते, पण काही फर्मवेअरे ती ओळ कर्नलपर्यंत पोहोचवीतच नाहीत. काही फर्मवेअरे तर परकी नोंद विसरूनही जातात. अशा वेळी आज्ञा-ओळ कर्नल बांधतानाच त्याच्या पोटात घालायची आणि कर्नल ठरीव राखीव मार्गावर, ठरीव राखीव नावाने ठेवायचा. ‘आरडेव्ह’ने दोन बाइट कोरण्याचाच हा नवा अवतार.

२०/
मध्यस्थ गेला की त्याने दिलेला आधारही जातो. ग्रबच्या यादीत जुना कर्नल हाताशी असे. थेट आरंभात नवा कर्नल कोसळला तर फर्मवेअरच्या ओबडधोबड यादीखेरीज काही उरत नाही. म्हणून जाणकार चालत्या कर्नलची दुसरी नोंद राखल्याखेरीज नवा कर्नल बसवीत नाहीत. शिवाय वरचेवर लिहिली जाणारी ती स्थायी स्मृती नाजूक असते. २०१३ च्या आरंभी सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स यूईएफआय पद्धतीने सुरू करताच कायमचे मुके झाल्याचे उघड झाले. ती स्मृती फार भरली की फर्मवेअरच उठत नसे आणि हे विंडोजमधूनही घडवता येते, असे मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिले.

२१/
२०१६ मध्ये आणखी एक धोका चर्चेत आला. लिनक्समध्ये फर्मवेअरच्या या नोंदी साध्या फाइलींसारख्या दिसतात. सारी डिस्क पुसणारी आज्ञा दिली की त्याही पुसल्या जात आणि काही यंत्रे त्यानंतर उठतच नसत. त्या वर्षीच कर्नलमध्ये बदल होऊन बहुतेक नोंदींना न पुसता येण्याचे कुलूप लागले. फर्मवेअरशी थेट बोलण्याची मुभा म्हणजे त्याला थेट इजा करण्याचीही मुभा, हा धडा महागात शिकला गेला.

२२/
दरम्यान पहिल्या शब्दाचा प्रश्न सोयीचा न राहता हक्काचा झाला होता. यूईएफआयमध्ये सिक्युअर बूट आले. मान्य चावीची स्वाक्षरी असलेलीच फाइल चालवायची, असा त्याचा नियम. विंडोज ८ च्या बोधचिन्हासाठी मायक्रोसॉफ्टने ते आवश्यक ठरवले, तेव्हा सप्टेंबर २०११ मध्ये रेड हॅटमधील गॅरेट यांनीच पहिली मोठी जाहीर सूचना दिली की यंत्रात एकाच कंपनीची चावी असेल तर लिनक्सला दार बंद. इंटेल वंशाच्या पीसींवर ही तपासणी बंद करण्याची व स्वतःची चावी घालण्याची मुभा राखली गेली. विंडोजच्या आर्म यंत्रांवर ती नव्हती.

२३/
तडजोड म्हणून ‘शिम’ आला. मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा एक लहान प्रोग्रॅम, तो वितरणाच्या चावीने ग्रब तपासतो आणि ग्रब कर्नलला उठवतो. साखळी चालली, पण कड्या वाढल्या. २९ जुलै २०२० रोजी ‘बूटहोल’ हा दोष जाहीर झाला. ग्रबची मांडणी-फाइल साधा मजकूर असते आणि तिच्यावर स्वाक्षरी नसते. तिच्यात मुद्दाम रचलेला मजकूर घालून ग्रबला फसवता येत होते आणि मग सिक्युअर बूट नावापुरते उरे. असंख्य यंत्रांत मान्यता असलेले जुने ग्रब बाद करावे लागले. काही वितरणांत घाईने आलेल्या दुरुस्तीनंतर यंत्रे उठेनाशी झाली, ते निराळेच.

२४/
थेट आरंभाच्या बाजूने याहून ठोस युक्तिवाद नव्हता. स्वतःची चावी फर्मवेअरमध्ये घालावी, कर्नलवर स्वतः स्वाक्षरी करावी आणि मधली प्रत्येक कडी काढून टाकावी. पण एक फट उरत होती. कर्नलवर स्वाक्षरी आहे, आज्ञा-ओळीवर आणि आरंभीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमवर नाही. डिस्कच्या कूटाचा परवलीचा शब्द तर तेथेच विचारला जातो. म्हणून कर्नल, ती फाइल सिस्टिम आणि आज्ञा-ओळ अशा तिन्ही गोष्टी एकाच पीई फाइलीत बांधून तिच्यावर एकच स्वाक्षरी करण्याची पद्धत आली. तिला एकीकृत कर्नल प्रतिमा म्हणतात.

२५/
मिनिक यांची जुनी कल्पनाही मावळली नव्हती. २०१७ मध्ये गूगलमध्ये असताना त्यांनी तिला नवे रूप दिले आणि त्यातून लिनक्सबूट प्रकल्प उभा राहिला. यूईएफआयचा मोठा भाग काढून त्या जागी चिपमध्येच लिनक्स कर्नल ठेवायचा आणि त्यानेच पुढचा कर्नल शोधायचा. लॉस अलामॉसमध्ये जागेअभावी अडलेली कल्पना आता सर्व्हरच्या मोठ्या चिपांत मावू लागली. २०२४ मध्ये रेड हॅटच्या अभियंत्यांनी ग्रबऐवजी कर्नलच वापरणारी योजना मांडली. तिचा पुकारा २००३ च्या संदेशाच्या नेमका उलट होता. बूटलोडर नको, कृपया कर्नल वापरावा.

२६/
ईएफआय स्टब २०१४ मध्ये ६४ बिटांच्या आर्मवर आणि २०२० मध्ये रिस्क-फाइव्हवर पोहोचला. २०२३ मध्ये आर्ड बीशूव्हेल यांनी कर्नलच्या आरंभी उरलेला तो नकाराचा संदेश काढून टाकला. वीस वर्षे तो फ्लॉपी घेऊन येणाऱ्याची वाट पाहत बसला होता आणि आता कोणी येत नव्हते.

२७/
बूटलोडर संपला असे मात्र नाही. एका यंत्रावर तीन ऑपरेटिंग सिस्टिमी ठेवणाऱ्याला, जुन्या यंत्रावर काम भागवणाऱ्याला आणि अडल्यावेळी जुन्या कर्नलवर परतू पाहणाऱ्याला त्याचा आधार आजही लागतो. बदल एवढाच की तो आता अटळ राहिलेला नाही. मध्यस्थ ठेवायचा की नाही आणि चावी कोणाच्या हाती असावी, हे यंत्राच्या धन्याला ठरवता येते. जेथे फर्मवेअर धन्याची चावी स्वीकारतच नाही, तेथे ५१२ बाइटांत काहीही लिहिले तरी पहिला शब्द दुसऱ्याचाच राहतो.

(समाप्त)

#संगणकाचा_इतिहास #लिनक्स #मराठी